गरिबाचे देणे

वाचन : लेवीय १९:९-१३, अनुवाद १५:७-११, लूक १९:१-१०, २ करिंथ ८ व ९ अध्याय, याकोब ५:१-६



मराठीत ‘देणे’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. आपण आपल्या खुशीने कोणाला काही दिले, तर ते देणे. आणि दुसऱ्याचे जे आपल्याकडे राहिले आहे, जे फेडलेच पाहिजे, तेही देणे. बोलताना हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात मावतात, पण हिशेबाच्या वहीत ते वेगळ्या पानांवर जातात. देणगी खर्चात लिहितात. वाण्याची उधारी, कामगारांची थकलेली मजुरी, बँकेचे कर्ज ही ताळेबंदाच्या देण्यांच्या बाजूला बसतात. देणगी दिली तर लोक कौतुक करतात, नाही दिली तर कोणी विचारत नाही. देणे बुडवले तर मात्र माणसाची पत जाते.

आजच्या अभ्यासाचा प्रश्न साधा आहे. गरिबासाठी आपण जे बाजूला काढतो, ते देवाचे वचन वहीच्या कोणत्या पानावर लिहिते?

१. शेताचा कोपरा कोणाचा?

लेवीयच्या १९व्या अध्यायात देव शेतकऱ्याला सांगतो की पीक कापताना शेताच्या कडेपर्यंत सगळे कापू नको, खाली पडलेला सरवा वेचू नको, द्राक्षमळा पुरता झाडून नेऊ नको. ते गरीब आणि परदेशी यांच्यासाठी राहू दे. आपल्या गावाकडेही सुगी झाल्यावर रानात सरवा वेचायला बायका जात, त्यामुळे हे चित्र आपल्याला परके नाही.

इथे एक गोष्ट नीट पाहा. शेतकऱ्याने पीक घरी नेऊन, पोती मोजून, मग त्यातून मूठभर काढून गरिबाला द्यावे, असे देव म्हणत नाही. तो भाग घरी न्यायचाच नाही. म्हणजे तो शेतकऱ्याच्या जमेत कधी आलाच नाही. जमीन देवाची, आणि देवाने त्या पिकातला एक वाटा आधीच दुसऱ्याच्या नावे लिहून ठेवला आहे. याच अध्यायात पुढे १३व्या वचनात मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, असेही सांगितले आहे. सरवा आणि मजुरी या दोन्ही गोष्टी एकाच यादीत, चोरी आणि लबाडी यांच्याविरुद्धच्या आज्ञांच्या शेजारी आहेत.

रूथच्या पुस्तकात हा नियम प्रत्यक्ष पाळलेला दिसतो. बवाज आपल्या गड्यांना बजावतो की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे तिच्यासाठी टाका आणि तिला लाजवू नका (रूथ २:१५-१६). रूथ परकी होती, विधवा होती, तरी ती स्वतःच्या हाताने वेचून, झोडून, धान्य पदरात घेऊन घरी गेली. तिचे पोट भरले आणि मानही राहिला.

अनुवाद १५मध्ये तर देव आपल्या मनातला हिशेबही ओळखतो. दर सातव्या वर्षी कर्जमाफी असे. ते वर्ष जवळ आले की सावकाराला वाटणार, आता उसने दिले तर परत यायचे नाही, तेव्हा हात आखडता घ्यावा. व्यवहारात हा विचार शहाणपणाचा ठरतो. देव त्याला दुष्ट विचार म्हणतो (१५:९). पुढे ११व्या वचनात म्हटले आहे की देशात गरीब नेहमीच असतील, आणि म्हणूनच हात उघडा ठेवण्याची आज्ञा आहे. येशूने बेथानीत हेच वचन आठवून दिले होते (मार्क १४:७). पुष्कळदा त्याचा उपयोग ‘गरिबी काही संपायची नाही, मग आपण काय करणार’ असे म्हणण्यासाठी होतो. मूळ वचनाचा रोख नेमका उलटा आहे.

२. मग श्रीमंती हे पाप आहे का?

पवित्र शास्त्र असे म्हणत नाही. अब्राहाम आणि ईयोब संपन्न होते. लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करत होती आणि तिने आपले घर प्रेषितांसाठी उघडले. अरिमथाईकर योसेफ श्रीमंत होता आणि त्याच्याच कबरेत प्रभूला ठेवले. पौल तीमथ्याला लिहितो तेव्हा पैशाला नव्हे, पैशाच्या लोभाला सर्व प्रकारच्या वाइटाचे मूळ म्हणतो. पुढे तो श्रीमंतांना श्रीमंती सोडून पळून जा असे सांगत नाही. गर्व करू नका, चंचल धनावर आशा ठेवू नका, चांगल्या कामांत धनवान व्हा आणि वाटून द्यायला तयार राहा, असे सांगतो (१ तीमथ्य ६:१०, १७-१९).

लूक १२मधल्या मूर्ख धनवानाने कोणाला लुबाडल्याचे लिहिलेले नाही. त्याचे शेत पिकले, एवढेच. पण त्याचे मनातले बोलणे वाचा. माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य, माझा जीव, असेच सगळे चालते. शेताच्या कोपऱ्याची आठवण त्यात कुठेही नाही. कोठार लहान पडले तेव्हा त्याला मोठे कोठार सुचले, शेजारचे रिकामे घर सुचले नाही. त्या रात्री हिशेब मागितला गेला तेव्हा त्याच्या वहीत देण्यांचे पान कोरे होते.

३. जक्कयाचे गणित

कॉमर्स शिकणाऱ्याला लूक १९ वाचताना हातात पेन्सिल घ्यावीशी वाटते. जक्कय म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. त्याची मालमत्ता शंभर रुपये धरू. पन्नास गरिबांना गेले. उरलेल्या पन्नासातून चौपट भरपाई करायची. फसवणुकीची रक्कम फक्त साडेबारा रुपये निघाली, तरी बाकीचे पन्नास संपले. जकातदारांच्या मुख्याच्या हिशेबात ती तेवढ्यावर थांबली असेल का?

नियमशास्त्राप्रमाणे जो आपण होऊन अपराध कबूल करतो त्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा असे (गणना ५:६-७). चौपट भरपाई मेंढरू चोरून ते मारणाऱ्या किंवा विकणाऱ्यासाठी होती (निर्गम २२:१). जक्कयाने स्वतःसाठी जड नियम निवडला.

त्याने गरिबांना द्यायचे आणि फसवलेल्यांना परत करायचे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. अन्यायाच्या पैशातून दानधर्म करून त्याने हिशेब मिटवला नाही. परूश्यांना येशू याच गोष्टीबद्दल बोलतो. पुदिन्याचा दशांश मोजून देतात, पण न्याय आणि देवाची प्रीती यांकडे दुर्लक्ष करतात (लूक ११:४२). कामवालीचा पगार कापून वाचलेले शंभर रुपये रविवारी दानपात्रात टाकले, तर वहीत देणगी वाढली आणि देणेही वाढले.

आणि क्रम विसरू नका. आधी येशू जक्कयाच्या घरी जायला निघाला, नंतर जक्कयाची थैली उघडली. तारण त्याने विकत घेतले नाही. कृपा घरात आली म्हणून त्याचे हात मोकळे झाले. आपले देणेही कृपेनंतरचे असते. आपल्या वतीने जे फेडायचे होते ते ख्रिस्ताने फेडले आहे, म्हणून आपण दुसऱ्याचे देणे भीती न बाळगता देऊ शकतो.

४. केडगावचे उदाहरण

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात हे सगळे एका आयुष्यात पाहायचे असेल तर पंडिता रमाबाईंकडे पाहावे. बेंगळुरूत राहणाऱ्या आपल्याला त्या दोन्हीकडून जवळच्या. जन्म १८५८ साली कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात, आणि कर्मभूमी पुणे जिल्ह्यात.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. एके काळी घरी बरी मालमत्ता होती, ती यात्रेत आणि दानधर्मात संपली. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाकडे विकायला काही उरले नाही. अंगमेहनतीचे काम कोणाला शिकवलेले नव्हते आणि हात पसरणे मनाला मानवत नव्हते. रानातला पाला खाऊन त्यांनी दिवस काढले. आई, वडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. भूक म्हणजे काय, आणि मदत मागताना माणसाचे मन कसे चिरडते, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते.

पुढे इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. अमेरिकेतल्या मित्रांनी बोस्टन येथे संघ स्थापून दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. १८९६ साल संपता संपता मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. दहा वर्षांची मुदत आता संपत आली होती. पुढचा पैसा कुठून येणार हे ठरलेले नव्हते. हिशेबाने पाहिले तर नवीन माणसे घेण्याची ही वेळ नव्हती. तरी रमाबाई स्वतः तिकडे गेल्या, दुष्काळी छावण्या पाहिल्या, आणि सुमारे तीनशे मुली आणि तरुण स्त्रिया त्यांनी आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग होता आणि नव्या मुलींना शहरात ठेवायला मनाई झाली. मग केडगावची जमीन कामाला आली. संस्थेला फळबागेतून उत्पन्न मिळावे म्हणून ती आधीच घेतलेली होती. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

रमाबाईंनी जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र वाचले होते. म्यूलर इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे अनाथालये चालवत. ते माणसांकडे पैसे मागत नसत, प्रार्थना करत, आणि आलेल्या प्रत्येक रकमेचा हिशेब छापत. रमाबाईंच्या विश्वासाला त्यातून बळ मिळाले.

पण केडगावात फक्त प्रार्थना आणि जेवण नव्हते. अक्षरओळख होती, शेती होती, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा आणि छापखाना होता. अंध मुलींसाठी वेगळी व्यवस्था होती. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात स्त्रियांच्या हातांनी जुळले. ज्या मुलींना जगाने ओझे म्हणून टाकले होते त्यांच्या हातात काम आले. बवाजाच्या शेतात रूथला जे मिळाले तेच हे होते. रमाबाईंच्या स्वतःच्या घरी दुष्काळात जे नव्हते, म्हणजे हाताला येणारे काम, तेच त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींना दिले. रमाबाई १९२२ साली प्रभूकडे गेल्या. केडगावचे काम आजही चालू आहे.

५. अट नसलेली मदत

रमाबाईंच्या कामावर त्यांच्या हयातीतच कठोर टीका झाली. शारदा सदनातल्या काही मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या गेल्या, त्यावरून वाद पेटला आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तो वाद आज पुन्हा खेळायची गरज नाही. पण त्या वादामागचा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही. भुकेल्याला भाकर देताना आपण त्याच्याकडून काही वसूल करतो का?

येशूने दहा कुष्ठरोग्यांना शुद्ध केले. एकच परत आला. उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य त्याने काढून घेतले नाही (लूक १७:११-१९). मोबदल्याची आशा न धरता द्या, अशी त्याची शिकवण आहे (लूक ६:३५). गरिबाला जे देतो ते जर त्याचे देणे असेल, तर देणे फेडताना अट घालता येत नाही. बँकेचा हप्ता भरताना आपण मॅनेजरला उपदेश ऐकण्याची अट घालत नाही. आपल्या आशेविषयी कोणी विचारले तर आनंदाने सांगावे, आणि कोणी विचारले नाही तरी भाकर पूर्णच द्यावी. फोटोचेही तसेच आहे. डबा घेणाऱ्याचा चेहरा आपल्या स्टेटसवर टाकणे म्हणजे त्याच्याकडून किंमत घेणेच आहे (मत्तय ६:१-४).

६. हिशेब हीही सेवा

पौलाने यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा केली. २ करिंथ ८ व ९ हे अध्याय त्याविषयी आहेत. मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः फार गरीब होत्या, तरी त्यांनी शक्तीपलीकडे दिले. तुम्ही अडचणीत पडावे आणि दुसऱ्यांनी सुखात राहावे असा पौलाचा हेतू नाही, समानता व्हावी असा आहे. यासाठी तो मान्न्याची आठवण देतो (८:१३-१५). पुढे ९:९मध्ये तो स्तोत्र ११२मधून गरिबांना देणाऱ्या माणसाच्या नीतिमत्त्वाविषयी लिहितो. तिथल्या हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ नीतिमत्त्व, आणि पुढे यहुदी लोक तोच शब्द दानासाठी वापरू लागले. मराठी ‘देणे’ जसे दोन अर्थांनी चालते, तसाच हा शब्दही.

आणि ८:२०-२१ कडे फार थोड्यांचे लक्ष जाते. एवढी मोठी रक्कम हाताळताना कोणी आम्हांला दोष लावू नये, म्हणून पौलाने तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊ पाठवला. देवासमोरच नव्हे, माणसांसमोरही चोख असावे, हा त्याचा आग्रह होता. प्रेषितालाही एकट्याने थैली नेणे योग्य वाटले नाही. आपल्या गटात मदतनिधी असेल तर दोघांनी मिळून मोजावे, पावती द्यावी, पैसे कोणाच्या वैयक्तिक खात्यात राहू नयेत, आणि हिशेब सगळ्यांना दाखवावा. यात अविश्वास नाही. विधवेच्या दोन दमड्या ज्या पेटीत पडतात ती पेटी स्वच्छ ठेवण्याची ही सेवा आहे. विधवेच्या गोष्टीच्या अगदी आधी, विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी येशूने इशारा दिला होता, हे मार्क १२:४०मध्ये पाहा.

७. आपल्या शहरातला कोपरा

बेंगळुरूत आपल्यापैकी बहुतेकांकडे शेत नाही. खोली भाड्याची, पगार किंवा घरून येणारे पैसे मोजके. मग कोपरा कुठे सोडायचा? चार जागा सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, मजुरी. घरकाम करणाऱ्या मावशी, पीजीतला स्वयंपाकी, सोसायटीचा वॉचमन, यांचे पैसे ठरलेल्या तारखेला जावेत. आठवड्याची सुट्टी कापून घेऊ नये. २०२०च्या टाळेबंदीत न झालेल्या कामाचाही पगार काही घरांनी दिला, काहींनी दिला नाही. असे वर्ष पुन्हा आले तर आपण काय करणार, हे आजच ठरवावे. याकोब ५:४मध्ये न दिलेली मजुरी स्वतः ओरडते, आणि ती ओरड देवाच्या कानी जाते.

दुसरी, घासाघीस. मॉलमध्ये छापील किंमत निमूटपणे देणारा माणूस फुटपाथवरच्या भाजीवालीशी पाच रुपयांसाठी भांडतो. ते पाच रुपये म्हणजे शेताचा कोपरा समजून सोडून द्यावेत.

तिसरी, आधी काढून ठेवणे. पौल म्हणतो, आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला ठेवा (१ करिंथ १६:२). महिनाअखेरीस उरले तर देऊ म्हटले की सहसा काही उरत नाही. स्टायपेंड जमा झाला त्याच दिवशी वाटा वेगळा करा. रक्कम लहान असली तरी चालेल.

चौथी, ओळख. रायचूर, यादगीर, कलबुर्गीकडून, बिहार-बंगालकडून आलेली माणसे आपल्या गल्लीतल्या इमारती बांधतात. लाजर श्रीमंताच्या दाराशीच पडलेला होता, आणि येशूच्या गोष्टीत नाव लाजराला आहे, श्रीमंताला नाही (लूक १६). आपल्या दाराशी असलेल्या एका तरी माणसाचे नाव, गाव आणि मुलांच्या शाळेची अडचण आपल्याला ठाऊक असावी. पैशाच्या आधी तेवढे देणे लागतो.

नीतिसूत्रे १९:१७ सांगते की जो गरिबावर दया करतो तो परमेश्वरालाच उसने देतो. म्हणजे आपण फेडलेले देणे देव आपले येणे म्हणून लिहून घेतो. असा धनको-ऋणको व्यवहार जगातल्या कोणत्याही खतावणीत सापडणार नाही.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. लेवीय १९:९-१३मध्ये सरवा आणि मजुरी चोरीविरुद्धच्या आज्ञेजवळ का आली असतील?
२. जक्कयाने दान आणि भरपाई वेगळी ठेवली. आपल्या व्यवहारात कोणाची भरपाई राहिली आहे का?
३. मुदत संपत आली असताना रमाबाईंनी तीनशे जणींना आणले. विश्वास आणि अविचार यांतला फरक त्या प्रसंगात कसा ओळखाल?
४. आपल्या गटाच्या मदतनिधीचा हिशेब शेवटचा कधी सगळ्यांसमोर ठेवला?
५. या आठवड्यात तुम्ही कोणता कोपरा सोडणार?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू धनवान असता आमच्यासाठी दरिद्री झालास. आमच्या हातात जे आहे ते तुझे आहे. जे दुसऱ्याचे आहे ते आमच्याकडे अडकून राहू देऊ नकोस. आमचे हात उघडे ठेव, आमचे हिशेब सरळ ठेव, आणि आमच्या दाराशी असलेल्या माणसाला नावाने ओळखायला शिकव. आमेन.